सवाई माधवराव आणि फ्रान्सचा बाळराजा

मागे एकदा रिसोडला शिक्षक मंडळींपुढे मराठेशाहीच्या उत्तरकाळावर बोलण्याचा योग आला होता. व्याख्यान झालं, आभार झाले, चहाही झाला. मंडळी उठू लागली तेव्हा मागच्या बाकावरचे एक वृद्ध शेतकरी हळूहळू पुढे आले. नातवाला शाळेतून न्यायला आले होते, आणि बसल्या बसल्या त्यांनी सगळं व्याख्यान ऐकलं होतं. म्हणाले, "सर, येक इचारू काय? बाकी सारं सांगतलं तुम्ही. पन तो पेशव्याचा पोरगा माडीवरून पडला, का त्यानं उडी घेतली, थे काही सांगतलं नाही."

मी सवयीने उत्तर दिलं, "उडी घेतली, बाबा. नाना फडणिसांच्या जाचाला कंटाळून उडी घेतली." म्हातारबाबांनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. "पाह्यलं होतं काय कोनी?" एवढंच विचारून ते नातवाचा हात धरून निघून गेले.

वाशीमकडे जाणाऱ्या गाडीत बसलो तरी तो प्रश्न काही डोक्यातून जाईना. वीस वर्षं मी वर्गात हेच उत्तर बेधडक देत आलो होतो. ते कशाच्या आधारावर देत होतो? एका जुन्या पुस्तकाच्या, आणि त्यावरून लिहिलेल्या दहा पुस्तकांच्या. घरी येऊन पुन्हा सगळं काढून वाचलं. वाचताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. ज्या १७९५ सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या शनिवारवाड्यात हा तरुण पेशवा गेला, त्याच साली जूनमध्ये तिकडे पॅरिसमध्ये फ्रान्सच्या राजाचा एकुलता उरलेला मुलगा कोठडीत मेला होता. दोघांच्या मरणात साडेचार महिन्यांचं अंतर. दोघांच्या जन्मावरून किंवा मरणावरून अफवा उठल्या, आणि दोघांच्या जाण्याबरोबर एकेका मोठ्या घराण्याचं दैव फिरलं. म्हणून आज या दोघांची हकीकत शेजारी शेजारी ठेवून पाहावी म्हणतो.

पहिल्यांदा आपल्या घरचा मुलगा घेऊ.

३० ऑगस्ट १७७३ या दिवशी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात गारद्यांनी खून केला. त्या वेळी त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. चुलते रघुनाथराव, म्हणजे राघोबादादा, पेशवेपदावर बसले खरे. पण खुनाचा डाग त्यांच्या अंगावर होता. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुण्यांनी त्यांना तोंडावर दोषी ठरवलं, ही गोष्ट आपल्या पोराबाळांनाही ठाऊक आहे. नाना फडणीस, सखारामबापू बोकील, त्रिंबकराव पेठे, हरिपंत फडके इत्यादी कारभाऱ्यांनी मग एकजूट केली. तेच बारभाईंचं कारस्थान. १७७४ च्या आरंभी त्यांनी गंगाबाईला पुण्याहून काढून पुरंदरच्या गडावर नेलं. सोबतीला पानिपतावर गेलेल्या सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी गडावर मुलगा जन्मला. चाळीस दिवसांचा झाला नाही तोच, मे महिन्याच्या अखेरीस, सातारच्या छत्रपतींकडून आलेली पेशवाईची वस्त्रं त्याच्या नावे स्वीकारण्यात आली.

जरा थांबून विचार करा. आपल्या घरात चाळीस दिवसांचं मूल काय करतं? नीट मान धरीत नाही, दिव्याकडे टक लावून पाहतं. त्या मुलाच्या शिक्क्याने दूरदूरच्या सरदारांना पत्रं जाऊ लागली!

राघोबादादा उघड म्हणू लागले की हे मूल नारायणरावाचं नव्हेच. पुरंदरावर आणखी काही गरोदर बायका नेऊन ठेवल्या होत्या, म्हणजे गंगाबाईला मुलगी झाली तर अदलाबदल करता यावी, अशीही कुजबुज शत्रुपक्षाने पसरवली. अफवेला गड चढायला वाट लागत नाही. दादा इंग्रजांकडे गेले. १७७५ चा सुरतेचा तह, १७७६ चा पुरंदरचा तह, १७७९ च्या जानेवारीत वडगावला इंग्रजी फौजेची झालेली नामुष्की, आणि अखेर १७८२ चा सालबाईचा तह, असं ते युद्ध सात वर्षं चाललं. एवढी मोठी लढाई कशासाठी? तर पाळण्यातल्या एका मुलाचा हक्क खरा की खोटा, यासाठी. इंग्रजांचा हेतू साष्टी-वसईचा होता, हे उघडच आहे. पण निमित्त ते मूल होतं.

त्याच दिवसांत आणखी एक विलक्षण प्रकार घडला. पानिपतावर पडलेले सदाशिवरावभाऊ जिवंत आहेत, मीच तो भाऊ, असं म्हणणारा एक तोतया उभा राहिला. १७७६ मध्ये त्याने कोकणातले किल्ले घेतले, हजारो माणसं त्याच्यामागे गेली. शेवटी तो पकडला गेला आणि त्याच वर्षअखेर त्याला देहान्त शासन झालं. हा तोतया तुम्ही ध्यानात ठेवा. फ्रान्सच्या हकीकतीत तो आपल्याला दुसऱ्या वेषात भेटणार आहे.

मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा, १७७७ साली, गंगाबाई वारली. बाप जन्माआधी गेलेला, आई तिसऱ्या वर्षी गेली. त्याच १७७७ साली सेंट लुबिन नावाचा एक फ्रेंच गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा वकील म्हणून पुण्यात दाखल झाला. त्याचं मोठ्या थाटाने स्वागत झालं. फ्रेंचांची मदत घेऊन इंग्रजांना शह द्यावा, असा नानांचा डाव होता. त्यातून पुढे फारसं काही निष्पन्न झालं नाही, पण इंग्रज मात्र चांगलेच धास्तावले. ज्याच्या नावाने हा वकील आला तो राजा म्हणजे सोळावा लुई. आपल्या दुसऱ्या मुलाचा बाप.

आता पॅरिसकडे वळू.

सोळाव्या लुईचा धाकटा मुलगा लुई शार्ल याचा जन्म २७ मार्च १७८५ रोजी व्हर्सायच्या राजवाड्यात झाला. म्हणजे आपल्या सवाई माधवरावांपेक्षा तो अकरा वर्षांनी लहान. आई राणी मारी आन्त्वानेत. थोरला भाऊ होता, त्यामुळे या धाकट्याकडे राज्य येण्याचं काही कारण नव्हतं. पण ४ जून १७८९ रोजी थोरला क्षयाने वारला आणि चार वर्षांचा लुई शार्ल युवराज झाला. त्यानंतर सहा आठवड्यांच्या आत, १४ जुलैला, पॅरिसच्या लोकांनी बास्तीचा तुरुंग फोडला. फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली.

राज्यक्रांतीची कारणं शिक्षकांना सांगायला नकोत. पिकं बुडाली होती, भाकरी महागली होती, खजिना रिकामा होता, आणि कराचं ओझं मुख्यतः शेतकऱ्यांवर नि कारागिरांवर होतं. सरदार आणि धर्मगुरू त्यातून बहुतेक सुटलेले. आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला हे समजावून सांगायला फार शब्द लागत नाहीत. लोकांचा राग खरा होता. पण त्या रागाचं सगळ्यांत कोवळं भक्ष्य कोण झालं, ते पाहा.

ऑक्टोबर १७८९ मध्ये जमावाने राजघराण्याला पॅरिसला आणलं. जून १७९१ मध्ये त्यांनी वेष पालटून पळून जाण्याचा प्रयत्न केला, तो वारेन गावी फसला. ऑगस्ट १७९२ मध्ये सगळ्या कुटुंबाला टांपल नावाच्या जुन्या गढीत कैदेत टाकलं. २१ जानेवारी १७९३ रोजी राजाचा शिरच्छेद झाला. त्या दिवसापासून राजपक्षाच्या लोकांनी त्या सात वर्षांच्या मुलाला सतरावा लुई म्हणायला सुरुवात केली. सिंहासन नाही, मुकुट नाही, कोठडीला कुलूप. आणि तरी राजा!

३ जुलै १७९३ च्या रात्री मुलाला आईपासून तोडलं. राणीने मुलाला सहजी सोडलं नाही, असं त्याची बहीण पुढे लिहून गेली आहे. मुलाला सिमाँ नावाच्या एका चांभाराच्या हवाली करण्यात आलं. राजपुत्राचा 'नागरिक' बनवायचा, हा हेतू. सिमाँचा धंदा चांभाराचा होता यात कमीपणा काहीच नाही. कमीपणा आहे तो त्याला दिलेल्या कामात. मुलाला क्रांतीची गाणी शिकवली, दारू पाजली, आणि आईविरुद्ध अत्यंत गलिच्छ आरोपाच्या जबानीवर त्याची सही घेतली. त्या कागदावरची त्याची वेडीवाकडी सही पाहिली की कोणत्याही शिक्षकाच्या पोटात कालवेल. १६ ऑक्टोबर १७९३ रोजी राणीचाही शिरच्छेद झाला. कोठडीतल्या पोराला ते कोणी सांगितलंही नाही.

१७९४ च्या जानेवारीत सिमाँने ते काम सोडलं. मग मुलाला एका खोलीत जवळजवळ एकटं कोंडून ठेवलं. सहा महिने अंधार, घाण, उंदीर आणि भिंतीतल्या फटीतून आत सरकवलेलं अन्न. जुलै १७९४ मध्ये सत्तापालट झाला, रोबेस्पिएरचा आणि त्याच्याबरोबर त्या सिमाँचाही वध झाला. नव्या अधिकाऱ्यांनी दार उघडून पाहिलं तेव्हा मुलाचे सांधे सुजले होते आणि तो बोलेनासा झाला होता. पुढचे राखणदार बरे होते, डॉक्टरही आले. पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. ८ जून १७९५ रोजी तो गेला. वय दहा वर्षं आणि अडीच महिने. दोन दिवसांनी सेंट मार्गरितच्या दफनभूमीत, कसलीही खूण न ठेवता, त्याला पुरलं.

खूण नाही म्हटल्यावर अफवेला रान मोकळंच. मेलेला मुलगा दुसराच, खरा राजपुत्र पळवून नेला, अशी बोलवा झाली. पुढच्या पन्नास वर्षांत 'मीच तो' म्हणणारे शंभराहून अधिक लोक निघाले! त्यांतला नाउनडॉर्फ नावाचा घड्याळजी तर १८४५ मध्ये हॉलंडात मेला तेव्हाही त्याच्या थडग्यावर राजाचं नाव कोरलं गेलं. पानिपतच्या भाऊंचा तोतया आणि हा घड्याळजी, यांच्यात फरक फक्त पगडी-टोपीचा. जिथे माणसाच्या मनाला एखादं मरण पटत नाही, तिथे तोतया येतोच.

पण या गोष्टीला शेवट सापडला, आणि तो आपल्या काळात. शवचिकित्सा करणाऱ्या पेलेताँ नावाच्या डॉक्टराने मुलाचं काळीज गुपचूप काढून ठेवलं होतं. ते हातोहात फिरत, कधी चोरीला जात, कधी परत मिळत, अखेर सेंट देनीच्या राजघराण्याच्या समाधिमंदिरात पोचलं. सन २००० मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वाळलेल्या काळजाचा अंश आणि मारी आन्त्वानेतच्या जपून ठेवलेल्या केसांचा अंश तपासून ताडून पाहिला. आईकडून मुलाकडे जो वारसा शरीराच्या कणाकणात उतरतो, तो दोन्हींत जुळला. ८ जून २००४ रोजी, बरोबर २०९ वर्षांनी, ते काळीज आईबापांच्या समाधीजवळ ठेवण्यात आलं. शंभर तोतये एका तपासणीने निकालात निघाले.

आता पुन्हा पुण्याला येऊ. इथे तुम्ही म्हणाल, "अहो, आमच्या पेशव्याला कोठडीत कुठे कोंडलं होतं? तो तर वाड्यात होता." खरं आहे. आणि म्हणूनच त्याची गोष्ट जास्त अवघड आहे.

सवाई माधवरावांची पहिली वर्षं पुरंदरावर गेली. मग मुंज झाली, १७८३ च्या फेब्रुवारीत थत्त्यांच्या रमाबाईशी लग्न झालं. त्या लग्नाची व्यवस्था कशी असावी, पाहुण्यांना काय हवं-नको पाहावं, याचे बारीक बारीक हुकूम कागदोपत्री उतरले आहेत. नानांच्या नजरेतून काही सुटत नसे. मुलाला लिहिणं-वाचणं, हिशेब, घोड्यावर बसणं सगळं शिकवलं. पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. तिथल्या गेंड्याचं चित्र गंगाराम तांबट या मराठी चित्रकाराने काढलेलं आजही उपलब्ध आहे. इंग्रजांचा वकील मॅलेट याच्या वशिल्याने जेम्स वेल्स नावाचा चित्रकार पुण्यात आला आणि त्याने तरुण पेशव्याचं चित्र काढलं. अंगावर दागिने, चेहरा गोरा, भरलेला, आणि डोळ्यांत काहीसा संकोच. १७९२ मध्ये महादजी शिंदे उत्तरेतून पुण्याला आले. बादशहाकडून आणलेली वकील-इ-मुतलकीची वस्त्रं त्यांनी मोठ्या दरबारात पेशव्यांना अर्पण केली. पेशवा तेव्हा अठरा वर्षांचा.

म्हणजे उणं काही नव्हतं. उणं होतं ते एकच. राज्य त्याच्या नावाने चाले, त्याच्या शब्दाने नव्हे. कोणाला भेटायचं, कुठे जायचं, काय लिहायचं, यावर नानांची नजर असे. नानांच्या बाजूनेही पाहिलं पाहिजे. ज्या वाड्यात या मुलाच्या बापाचे तुकडे झाले, त्याच वाड्यात त्यांनी या मुलाला वाढवलं. भोवती इंग्रज, निजाम, हैदर, टिपू, घरात भाऊबंदकी. अशा वेळी डोळ्यांत तेल घालून राखण करणाऱ्या माणसाला दार उघडं टाकण्याची भीती वाटणारच. पण पोर लहान असताना जी राखण असते, ती पोर मोठं झाल्यावर कैद होते, हे राखण करणाराला बहुधा कळत नाही. हे नानांचंच नव्हे, आपल्या सगळ्यांचं आहे.

त्यात जवळची माणसं एकेक करून गेली. १७९३ च्या आरंभी पत्नी रमाबाई वारली. त्याच साली गोखल्यांच्या यशोदाबाईशी दुसरं लग्न झालं, पण ती अगदी बालिका होती. फेब्रुवारी १७९४ मध्ये महादजी शिंदे वानवडीला वारले. त्याच वर्षी हरिपंत फडकेही गेले. नानांना चार शब्द सुनावू शकेल किंवा पेशव्याला धीर देऊ शकेल, असं वडीलधारं माणूस उरलं नाही.

११ मार्च १७९५ ला खर्ड्याची लढाई झाली. खर्डा म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं जामखेड तालुक्यातलं गाव. शिंदे, होळकर, पटवर्धन, आणि आपले नागपूरकर रघूजी भोसले, असे सगळे मराठे सरदार जरीपटक्याखाली एकत्र आल्याचा तो शेवटचा प्रसंग. निजामाची दाणादाण उडाली. मौज अशी की दोन्ही बाजूंना फ्रेंच सरदारांनी शिकवलेल्या पलटणी होत्या. निजामाकडे रेमाँ, शिंद्यांकडे पेराँ. फ्रान्सचा बाळराजा कोठडीत शेवटचे महिने मोजत होता, आणि त्याच्या देशाचे लोक खर्ड्याच्या माळावर दुसऱ्यांच्या पगारावर एकमेकांविरुद्ध लढत होते. लढाईनंतर पेशवा खिन्न दिसला. नानांनी कारण विचारलं, तेव्हा शत्रू इतक्या सहज हरला आणि आपली माणसं इतक्या स्वस्त विजयाची बढाई मारतात याचं वाईट वाटतं, अशा अर्थाचं तो बोलला, असं ग्रँट डफ सांगतो. हे खरं असेल, तर तो मुलगा विचार करणारा होता.

पुढचा भाग वादाचा आहे, म्हणून सावकाश जाऊ.

राघोबादादांचा मुलगा बाजीराव त्या वेळी शिवनेरीवर नजरकैदेत होता. पेशव्याहून वर्षाने लहान. ग्रँट डफच्या म्हणण्याप्रमाणे दोघांत गुप्त पत्रव्यवहार सुरू झाला. तो करून देणारा बळवंतराव नागनाथ नानांच्या हाती सापडला, त्याला कैद झाली आणि पेशव्याला कडक बोल ऐकावे लागले. त्याचा पेशव्याच्या मनावर परिणाम झाला. दसऱ्याला तो मिरवणुकीत आणि दरबारात दिसला. त्यानंतर २५ ऑक्टोबर १७९५ रोजी शनिवारवाड्यात वरून खाली आला. हातपाय मोडले, खाली कारंज्याची नळी होती तिचा मार बसला. दोन दिवसांनी, २७ तारखेला, बाबाराव फडक्यांच्या मांडीवर त्याने प्राण सोडला. आपल्यामागे बाजीरावाला गादीवर बसवावं, अशी इच्छा त्याने बोलून दाखवली, असंही डफ लिहितो. वय साडेएकवीस.

'उडी टाकली' हे शब्द डफचे. त्याचं पुस्तक १८२६ चं, म्हणजे घटनेनंतर एकतीस वर्षांनी आलेलं. त्याने पुष्कळ कागद पाहिले, जुनी माणसं विचारली. तो उथळ लेखक नव्हे. पण १८२६ मध्ये पेशवाई बुडाली होती, बाजीराव पदच्युत होता, आणि नानांचे मित्र तसे शत्रूही मागे गोष्टी ठेवून गेले होते. दुसरीकडे, रियासतकार सरदेसायांसारख्या संशोधकांनी दाखवलेली बाजू अशी की त्या दिवसांत पेशव्याला ताप होता. तापाने माणूस भ्रमतो, उठून चालू लागतो. माडीच्या खिडकीचा कठडा ठेंगणा होता. अशा स्थितीत तोल जाणं अशक्य नाही.

मग काय मानावं? पेशवा आजारी होता, मनाने खचला होता, आणि माडीवरून पडला. एवढं पक्कं आहे. त्या क्षणी त्याच्या मनात काय होतं, ते सांगणारा साक्षीदार कोणी मागे ठेवला नाही. पॅरिसच्या मुलाचं काळीज तरी बरणीत होतं, ते तपासता आलं. मनाची तपासणी करणारी बरणी अजून निघायची आहे. मधला वाडाही उरला नाही. १८२८ च्या आगीत शनिवारवाड्यातल्या इमारती जळाल्या; आज तिथे जोती आणि कोरडी कारंजी दिसतात. रिसोडच्या म्हातारबाबांचा प्रश्न, "पाह्यलं होतं काय कोनी?" हा इतिहासाच्या अभ्यासातला पहिला प्रश्न आहे, आणि मी, एम. ए. झालेला माणूस, तो विसरलो होतो.

आता कुणी म्हणेल, एका मुलाच्या पडण्याने आमच्या वऱ्हाडाचं काय बिघडलं? पुष्कळ बिघडलं. पेशव्याला मूलबाळ नव्हतं. गादीवर कोण, यावरून वर्षभर कारस्थानं चालली, आणि १७९६ च्या डिसेंबरात बाजीराव पेशवा झाला. १८०० च्या मार्चमध्ये नाना वारले. १८०२ च्या शेवटच्या दिवशी बाजीरावाने वसईला इंग्रजांशी तह करून स्वातंत्र्य गहाण टाकलं. त्यातून १८०३ चं युद्ध पेटलं. त्यातली एक लढाई आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला झाली. मग गाविलगड पडला, आणि देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेला. तोवर वऱ्हाडात निजाम आणि भोसले यांचा दुहेरी अंमल होता. वाशीमचं बालाजीचं मंदिर पाहा. ते भोसल्यांचे कारभारी भवानी काळू यांनी बांधलं, तेही सवाई माधवरावांच्याच जमान्यात. खर्ड्याला भोसले जिंकणाऱ्यांच्या बाजूला होते. आठ वर्षांत त्यांचा वऱ्हाड गेला. रिसोड-वाशीमचा सारा हैदराबादेकडे गेला, १८५३ नंतर कारभार इंग्रजांकडे आला. हे सगळं एका पडण्याने झालं असं मी म्हणणार नाही. आजार जुना होता. पण त्या दिवशी आधाराचा खांब निखळला.

शिक्षक मित्रांना एक विनंती आहे. हा धडा शिकवताना आमचा आवाज नकळत चढतो. मग नाना एक तर देव होतात, नाही तर दैत्य. फ्रान्सचे क्रांतिकारक एक तर मुक्तिदाते, नाही तर कसाई. मुलांना दोन्ही बाजूंचे कागद दाखवा. कोणतं पत्र त्याच दिवसांतलं, कोणती बखर मागाहूनची, कोणतं पुस्तक तीस वर्षांनंतरचं, हे विचारायला लावा. वासुदेवशास्त्री खऱ्यांनी मिरजेला बसून पटवर्धनांची हजारो पत्रं छापली, ती याचसाठी. आणि पोरांपैकी कोणी तुम्हांला उलट विचारलं, "गुरुजी, पाहिलं होतं का कोणी?" तर त्याच्यावर रागावू नका.

आणि घरच्या मंडळींना एवढंच सांगतो. टांपलच्या गढीत त्या पोराचं वाईट व्हावं म्हणून त्याला कोंडलं. शनिवारवाड्यात त्या पोराचं भलं व्हावं म्हणून त्याला जपलं. हेतू दोन टोकांचे. पण दोन्हीकडे त्याला कोणी विचारलं नाही, की बाळ, तुला काय वाटतं?

पुन्हा रिसोडला जाईन तेव्हा त्या बाबांना शोधीन म्हणतो. उत्तर बदललं आहे, हे त्यांना सांगायचं आहे.